आधी पाणी भरा, मग झोंबी मारा : प्रोजेक्ट झॉम्बॉईड, सोलापूरहून

गेममधल्या अठराव्या दिवशी आमच्या घराचा नळ गेला. आमच्यातला पुण्याला नोकरीला गेलेला गडी किचनच्या सिंकपाशी उभा राहून क्लिक करतोय करतोय आणि एकदम हेडफोनमध्ये ओरडला, अरे पाणीच येईना की, मेलो ना आता आपण! बाकीचे आम्ही तिघं सोलापुरातच बसलेलो, तिघंही एकदम हसलो. कारण पहिल्या दिवसापासून आम्ही भांडी भरत होतो. पातेली, किटली, वाडगे, सोड्याच्या आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या, बादल्या, झाडांना पाणी घालायचा झारा, सगळं काठोकाठ भरून किचनच्या फरशीवर ओळीनं मांडलेलं. पुणेकर म्हणाला, हे कधी केलं तुम्ही? माझा मावसभाऊ म्हणाला, तू बाहेर झोंबी मारत होतास ना बे, तवा.

ज्याच्या घरी चार-पाच दिवसाआड पाणी येतं त्याला हा गेम शिकवावा लागत नाही, एवढंच सांगायला मी हे लिहितेय, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाईपातून येतं आणि आपल्या गल्लीत ते कधी पहाटे तीनला येतं, कधी रात्री अकराला, आणि "पाणी आलंऽऽ" अशी हाक आली की घरातला झोपलेला माणूस उठतो, आधी पिण्याची घागर, मग टाकी, मग बॅरल, मग बादल्या, आणि सगळ्यात शेवटी तांब्या-पेले. हा क्रम माझ्या हाताला लहानपणापासून माहितीय. प्रोजेक्ट झॉम्बॉईड नेमका हाच क्रम विचारतो. लाईट आणि पाणी दोन्ही पहिल्या तीस दिवसांत कधीतरी जाणार हे नक्की, कुठल्या दिवशी ते सांगत नाही. ज्यानं आधी भरून ठेवलं तो जगला.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९३ चा जुलै महिना, अमेरिकेतलं केंटकी राज्य, नॉक्स कंट्री म्हणून एक भाग लष्करानं सील केलाय आणि आत झोंबीच झोंबी, म्हणजे मेलेली पण तरी चालणारी, चावणारी माणसं. तुम्ही एक साधा माणूस. वरून तिरकं दिसतं, म्हणजे घराचं छप्पर उचलून आत डोकावल्यासारखं. मिशन नाही, शेवटचा राक्षस नाही, औषध नाही. गेम चालू होतानाच स्क्रीनवर येतं की तू कसा मेलास त्याची ही गोष्ट आहे. म्हणजे मरणार हे ठरलेलंच, किती दिवस काढतो ते बघायचं. ओरखडा निघाला तर लागण व्हायची शक्यता ७ टक्के, कातडी फाटली तर २५, आणि चावला की शंभर टक्के, मग दोन-तीन दिवसांत खेळ संपला. सेटिंगमध्ये जाऊन हे सगळं बदलता येतं, पण आम्ही बदलत नाही, कारण ते बदललं की मग भीती राहत नाही आणि भीती नसली की काळजी घ्यायची मजा जाते.

आम्ही चौघं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात स्टॉक आणि अकाउंट बघते. मावसभाऊ जुळे सोलापुरात, इंजिनिअरिंगला आहे. तिसरा आमचा पूर्व भागातला मित्र, तेलुगू घरातला, त्याच्या आजोबांपासून घरात माग, आम्ही सगळे त्याला अण्णाच म्हणतो. चौथा तो पुणेकर, तो मूळचा इथलाच, शाळेत माझ्याच वर्गात होता, पण आठ वर्षं पुण्यात राहून त्याला नळ सोडला की पाणी येतं अशी सवय लागलीय. शनिवारी रात्री दहाला बसायचं, अण्णा होस्ट करतो, म्हणजे आमचा सर्व्हर त्याच्या कॉम्प्युटरवर चालतो, त्याच्याकडं इन्व्हर्टर आहे आणि राउटर पण इन्व्हर्टरवर, म्हणून. लाईट गेली तरी सर्व्हर चालू राहतो हे आमच्या टोळीचं सगळ्यात मोठं बळ आहे.

माणूस बनवताना चांगली दोन रात्री आम्ही नुसती चर्चा केली, लग्न जमवायला बसल्यासारखी. याचा धंदा काय, गुण काय, खोड काय. गेम असा आहे की चांगला गुण घ्यायचा तर पॉइंट लागतात आणि पॉइंट पाहिजेत तर एखादी खोड घ्यावी लागते, जास्त तहान लागणारा, भित्रा, रक्त बघून घाबरणारा, सिगारेट ओढणारा. अण्णानं इलेक्ट्रिशियन घेतला, एकदम बरोबर, कारण इलेक्ट्रिशियनला जनरेटर पहिल्या दिवसापासून चालवता येतो, बाकीच्यांना त्याचं मासिक शोधून वाचावं लागतं. मी सुतार घेतला. पुणेकरानं चोर घेतला, त्याला किल्ली नसताना गाडी चालू करता येते. मावसभावानं फायर ब्रिगेडवाला घेतला आणि पॉइंट वाढवायला सिगारेटची खोड घेतली.

ती सिगारेट आम्हाला लई महागात पडली. त्याच्या माणसाला सिगारेट मिळाली नाही की ताण चढतो, ताण चढला की तो दुःखी होतो, आणि मग चार जीव मिळून एका माणसासाठी सिगारेट शोधत फिरताहेत, मेलेल्या झोंबींचे खिसे उलटेपालटे करताहेत. पाकीट सापडलं तर काडेपेटी नाही. काडेपेटी सापडली तर पाकीट कुणाच्या पिशवीत गेलं ते कळेना. प्रत्यक्षात त्या पोरानं आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही, आणि रात्री बारा वाजता तो आपल्या घरात कळवळून ओरडतोय, कुणाकडं एक तरी सिगारेट हाय का! बाहेरच्या खोलीत मावशी जागी होती. दुसऱ्या दिवशी मावशीचा मला फोन आला, मला अर्धा तास लागला समजावून सांगायला.

आम्ही रोजवुड नावाच्या छोट्या गावात राहिलो. नवीन खेळणाऱ्यांनी तिथूनच सुरू करावं, गाव लहान, गर्दी कमी, फायर स्टेशन आणि पोलीस चौकी जवळजवळ, त्यामुळं कुऱ्हाड-बिऱ्हाड लवकर हाताला लागायची आशा असते. लुईव्हिलला चुकून पण जाऊ नका पहिल्या महिन्यात. ते मोठं शहर गेमच्या बिल्ड ४१ म्हणजे ४१ व्या आवृत्तीत आलं, तिथं झोंबी इतके आहेत की रस्ता दिसत नाही.

गर्दीवरून सांगते. गड्ड्याच्या जत्रेत आई माझा हात धरून चालायची तेव्हा तिचे तीन नियम होते, गर्दीच्या मध्ये शिरायचं नाही कडेकडेनं चालायचं, कुठं चाललोय ते आधी ठरवायचं, आणि चुकामूक झाली तर कुठं उभं राहायचं ते घरातून निघतानाच ठरलेलं असायचं. संक्रांतीच्या दिवसांत होम मैदानावर जो लहानाचा मोठा झाला त्याला हे सांगायला नको. आमच्या सर्व्हरवर हेच नियम आहेत. बाहेर निघायच्या आधी भेटायची जागा ठरते, चर्चच्या मागची भिंत. झोंबींचा घोळका दिसला की त्याला समोरून भिडायचं नाही, लांबून एक आवाज द्यायचा, ते आपल्याकडं वळले की हळूहळू मागं सरकत त्यांना गल्लीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि आपण पळत पहिल्या जागी यायचं. पळून पळून दम लागला की मात्र हात उचलत नाही, तेव्हा मारायला जाणारा मेला. पुणेकर असाच दोनदा मेला. मध्ये शिरतो, कुऱ्हाड फिरवतो, तिसऱ्या झोंबीपर्यंत त्यालाच दम लागतो, चौथा मागून येतो.

आता मावसभावाची गोष्ट सांगते कारण त्यासाठी तरी हा गेम घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आम्हाला तीन आठवडे पाईप पाना पाहिजे होता. का तर, सुतारकाम चारच्या लेव्हलला गेलं की फळ्या, खिळे आणि कचऱ्याच्या पिशव्या वापरून पावसाचं पाणी साठवायचं बॅरल बनवता येतं. त्याचं पाणी असंच प्यायलं तर आजारी पडतो, उकळून घ्यावं लागतं. पण तेच बॅरल सिंकच्या वरच्या मजल्यावर ठेवलं आणि पाईप पान्यानं सिंक जोडलं की खालच्या नळाला पाणी येतं आणि ते चक्क प्यायचं पाणी असतं. म्हणजे आपली गच्चीवरची टाकी! हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते, टॉवेलचं चलान तसंच ठेवून ग्रुपवर मेसेज टाकला, गच्चीवर टाकी बसवता येते. अण्णाचा लगेच रिप्लाय, किती लिटरची?

तर पाना शेवटी मावसभावाला सापडला, एका गॅरेजमध्ये. त्यानं तो पाठीवरच्या पिशवीत टाकला, आणि तसंच घरी यायचं सोडून शेजारच्या घराची खिडकी उघडली, सिगारेट मिळते का बघायला. त्या घराला अलार्म होता. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहिती, पोटात गोळा येतो. चारी बाजूंनी झोंबी यायला लागले. मी हेडफोनमध्ये सांगतेय मागच्या दारानं ये, मागच्या दारानं ये, तो म्हणतो येलालो ताई येलालो, आणि मग एकदम गप्प. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, काही नाही. मग थोड्या वेळानं म्हणाला, मानेला चावलाय.

चौघंही गप्प बसलो. गेममधले दोन दिवस त्याच्याकडं होते. मला वाटलं आता हा चिडून बंद करेल. पण नाही, त्यानं मला विचारलं ताई बॅरलला खिळे किती लागतेत, चार ना, आणि ताप चढत असताना त्या पोरानं गावभर फिरून खिळे गोळा केले, फळ्या कापल्या, कचऱ्याच्या पिशव्या आणल्या, सगळं जिन्याखाली लावून ठेवलं. शेवटच्या रात्री तो म्हणाला मी बाहेर जातो, घरात मेलो तर घरातच उठेन. आणि तो गेला कुंपणाच्या पलीकडं. पाठीवरची पिशवी काढून ठेवायची राहिली. पाना पिशवीत.

लगेच त्यानं नवीन माणूस बनवला, यावेळी शेतकरी, सिगारेट न ओढणारा, आणि चालत चालत आमच्या घरी आला. आणि कुंपणाबाहेर त्याचाच जुना माणूस फिरतोय, तेच पिवळं जाकीट, तेच लाल हेल्मेट, तीच पिशवी. हा गेम हे असं करतो, मेलेला खेळाडू त्याच्याच कपड्यात उठतो. मावसभाऊ कुऱ्हाड घेऊन समोर उभा राहिला आणि त्याच्यानं हात उचलेना. म्हणाला, ताई तूच मार, माझ्या हातानं होत नाही. मी म्हणाले मी पण नाही मारणार. अण्णा म्हणाला आपल्या माणसाला आपणच बघायचं असतं. शेवटी पुणेकर पुढं आला, यावेळी एकदम व्यवस्थित, न पळता, एक ढकलून खाली पाडला आणि एक घाव. मग आम्ही फावड्यानं खड्डा खणून त्याला घराच्या मागं पुरला, खरंच पुरता येतं. मावसभाऊ त्याच्या खड्ड्यापाशी उभा राहून म्हणाला, स्वतःच्या मातीला आलेला सोलापुरातला मी पहिलाच असेन बे. हसून हसून माझ्या डोळ्यातून पाणी आलं, पण त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाकी बसली. पहिल्यांदा नळातून पाणी आलं तेव्हा चौघांनी एकेक ग्लास पिऊन घेतला.

खाण्याचं सांगायचं तर लाईट गेली की फ्रीज बंद, आणि मग घड्याळ चालू होतं. एकदा मी खेळत असताना आई मागं येऊन उभी राहिली. तिला झोंबीचं काही वाटलं नाही, तिनं माझा फ्रीज बघितला. म्हणाली, लाईट हाय का घरात? म्हटलं नाही, कालच गेली. म्हणाली, मग ते चिकन आधी संपवा, बटाटे राहतेत, आणि ते डब्यातलं कशाला फोडलंस आत्ताच, ते तर कधीही खाता येतंय. तिचा शब्द न् शब्द बरोबर होता, बटाटे दोन आठवडे ताजे राहतात आणि मांस लगेच सडतं. तेव्हापासून स्वयंपाकाचा निर्णय आईला विचारून. ती आता अधूनमधून जेवताना विचारते, तुमचं शेत काय म्हणतंय. कोबी आणि मुळा लावलाय म्हटल्यावर म्हणाली, मुळा लवकर येतो, चांगलं केलंत.

डब्यातल्या खाण्यासाठी डबा उघडायचं हत्यार लागतं, आणि तेच कधी सापडत नाही. बीन्सचे बावीस डबे घरात आणि ओपनर नाही म्हणून उपाशी झोपायची वेळ आली तेव्हा मला एकच गोष्ट आठवत होती, कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी निखाऱ्यावर खडखडीत वाळवलेली, महिनोन् महिने टिकते, फ्रीज नको, ओपनर नको, गॅस नको. सोबत शेंगाचटणी. आपल्या लोकांनी हे कधीच शोधून ठेवलंय आणि १९९३ सालच्या केंटकीत कुणाच्या घरात नाही. या गेमला स्टीमवर, म्हणजे जिथं हा गेम ऑनलाईन विकत मिळतो तिथं, वर्कशॉप आहे, कुणीही स्वतःची वस्तू बनवून टाकू शकतो. मावसभावाला मी कामाला लावलंय, भाकरी आणि चटणी दोन्ही आणायची, आणि टिकायचे दिवस मी सांगेन तेवढेच टाकायचे.

चादरीचं पण सांगायलाच पाहिजे. या गेममध्ये चादर म्हणजे जीव. खिडकीला चादर लावली की झोंबीला आतलं दिसत नाही. आणि चादरींचा दोर करून, एक खिळा ठोकून, वरच्या खिडकीतून खाली सोडला की जिना तोडून टाकला तरी तुम्ही वर-खाली करू शकता आणि झोंबी खालीच. अण्णाला हे कळलं तेव्हा तो जेवढा खूश झाला तेवढा तो कुऱ्हाड सापडल्यावर पण झाला नव्हता. म्हणाला, केंटकीतल्या पातळ चादरीवर हे लोक लोंबकळतेत, आपल्या जेकार्डच्या चादरीवर तर सगळा मोहल्ला खाली उतरंल. त्याच्या घरात लहानपणापासून मागाची खटखट, त्या आवाजात तो अभ्यास करायचा, त्याच आवाजात झोपायचा. त्यामुळं जनरेटर लावल्यावर आम्हाला आवाजाचं टेन्शन येतं, झोंबी ऐकतील म्हणून, आणि अण्णाला उलट शांत वाटतं. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्या घरघरीतून त्याला दुसरा बारीक आवाज बरोबर ऐकू येतो. मागावर एक धागा तुटला की आवाज बदलतो म्हणे, तसा त्याला पाय घासत येणारा झोंबी आमच्या आधी कळतो. तीन वेळा आम्हाला त्यानं वाचवलंय. जनरेटर मात्र घराच्या आत लावू नका, कधीच नाही. धुरानं झोपेतच सगळे जातात, आणि हे खऱ्या आयुष्यातही तसंच आहे.

सर्दीवरून एक गंमत. पावसात भिजत फिरलं की माणसाला सर्दी होते, आणि सर्दी झाली की तो शिंकतो, आणि शिंक झोंबीला ऐकू जाते. आम्ही चौघं एका दुकानाच्या कपाटामागं दबून बसलेलो, बाहेर दहा-बारा जण, आणि पुणेकराच्या माणसाला शिंक येऊ घातली. हातात टिश्यू किंवा टॉयलेट पेपर धरला असला तर शिंकेचा आवाज दबतो. तर मी अंधारात माझ्या पिशवीतून टॉयलेट पेपर काढून जमिनीवर टाकतेय, तो उचलतोय, पण त्याची पिशवी भरलेली म्हणून त्याला आधी काहीतरी टाकावं लागतंय, तो फ्राय पॅन टाकू का बीन्स टाकू विचारतोय, मावसभाऊ दात आवळून म्हणतोय काय करलालास बे, काहीही टाक! शेवटी त्यानं बीन्स टाकले, पेपर घेतला, आणि शिंकला. बाहेरचा एक पण वळला नाही. असा आनंद मला सीए फर्मच्या ऑडिटमध्ये स्टॉक शंभर टक्के जुळला तेव्हाच झाला होता.

स्टॉकवरून, मी खरंच वही ठेवलीय. तारीख, आवक, जावक, शिल्लक. खिळे, फळ्या, पेट्रोल, डबे, पट्ट्या. लोक म्हणतात या गेमची पिशवी-कपाट बघायची पद्धत किचकट आहे, दोन छोट्या खिडक्या, त्यातून वस्तू इकडून तिकडं ओढायच्या. वेळ लागतो हे खरं. नवीन माणसाचे पहिले दोन-तीन दिवस त्यातच जातात आणि शिकवणी आहे पण ती पुरत नाही. पण ज्याला रॅकवर माल लावायला आवडतो त्याच्यासाठी हा स्वर्ग आहे. प्रत्येक कपाट वेगळं, मी औषधं बाथरूममध्ये, हत्यारं दाराजवळ, खाणं किचनमध्ये अशीच लावते. पुणेकर सगळं एका पेटीत टाकतो. त्यावरून आमचं भांडण होतं ते गेमच्या बाहेर पण चालू राहतं.

एकदा आम्ही अनोळखी लोकांच्या एका सर्व्हरवर पण गेलो होतो. तिथं आमची भरलेली भांडी कुणीतरी रात्रीतून उचलून नेली, झोंबींनी नाही, माणसांनी. परत गेलो नाही. आपली चार माणसं, आपला सर्व्हर, हेच बरं.

गेम बनवणाऱ्यांबद्दल दोन शब्द, कारण मला त्यांचा आदर वाटतो. द इंडी स्टोन म्हणून ब्रिटिश स्टुडिओ आहे, छोटा. २०११ च्या ऑक्टोबरात त्यांच्या घरी चोरी झाली आणि गेमचा कोड असलेले दोन लॅपटॉप गेले, अलीकडच्या कामाचा बॅकअप बाहेर नव्हता. लोकांनी तेव्हा त्यांना ऑनलाईन लई बोल लावले. पण त्यांनी परत बसून काम केलं, नोव्हेंबर २०१३ ला स्टीमवर आणलं, डिसेंबर २०२१ ला बिल्ड ४१ पक्की झाली आणि त्यात मल्टिप्लेअर असं आलं की जगभरचे लोक तुटून पडले. डिसेंबर २०२४ ला बिल्ड ४२ कच्च्या स्वरूपात आली, त्यात गाई, मेंढ्या, कोंबड्या, तळघरं असं कायकाय आहे, पण सुरुवातीला त्यात एकत्र खेळायची सोय नव्हती म्हणून आम्ही ४१ वरच राहिलो. एकदा विकत घेतला की नंतर कपड्याला पैसे, बंदुकीला पैसे असलं काही नाही. भारी कॉम्प्युटर पण लागत नाही, ८ जीबी रॅमचा माझा जुना लॅपटॉप चालवतो, फक्त मे महिन्यात तो इतका तापतो की मी खाली ओला टॉवेल घातलेली फरशी आणि वर टेबल फॅन अशी सोय करते. त्रेचाळीस डिग्रीत बसून थंडीनं गारठलेल्या केंटकीतल्या माणसाला स्वेटर घालताना फार बरं वाटतं.

घ्यावा का, तर घ्याच, पण एकट्यानं नको. एकट्यानं मी वीस तास खेळले असेन, छान आहे, शांत आहे, पण चावला की सांगायला कुणी नसतं. तीन-चार जण पाहिजेत. त्यातला एक भरून ठेवणारा, एक ऐकणारा, एक पळणारा आणि एक सगळ्यांना घाबरवणारा.

आत्ता आमचा एकशे सहावा दिवस चालू आहे. शेतात बटाटे आलेत, गच्चीवर आता तीन बॅरल आहेत, मावसभावाच्या जुन्या माणसाच्या जागेवर त्यानं स्वतः एक लाकडी खूण रोवलीय आणि जाता-येता तिथं एक सिगारेट ठेवतो. काल पुणेकराचा दुपारी फोन आला, खरा फोन, की त्यांच्या सोसायटीत उद्या दिवसभर पाणी बंद आहे अशी नोटीस लागलीय. मी म्हटलं मग? म्हणाला, मग काय, भरली सगळी भांडी, पातेली, किटली, डबे, झारा पण भरला. म्हटलं पिण्याचं वेगळं झाकून ठेवलंस का. म्हणाला, थांब, ते राहिलं, आणि फोन तसाच ठेवून पळाला, मला नळाचा आवाज येत होता.